आधी पाणी बघा, मग पावडर

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे ज्या घरात माहीत आहे त्या घराला डिटर्जंटचं निम्मं रसायनशास्त्र आधीच येतं. डाळ न शिजण्यामागे आणि साबणाला फेस न येण्यामागे गुन्हेगार एकच: पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. डाळीच्या पेशी ज्या पेक्टिनने एकमेकींना धरून असतात, ते पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होतं आणि डाळ मऊ पडत नाही. तेच कॅल्शियम साबणाला भेटलं की त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. तो थोडा बादलीच्या कडेला बसतो, बाकीचा कपड्यात. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणायचे, घरात आपण जड पाणी किंवा खारं पाणी म्हणतो.

म्हणूनच 'चांगली पावडर कोणती?' याला सगळ्या महाराष्ट्राला लागू पडेल असं उत्तर नाही. मुंबईकराच्या नळाला तानसा, भातसा, वैतरणा या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी येतं. ते सुफेन असतं, त्यात साधीसुधी पावडरही झकास काम करते. तीच पावडर बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत नेली की काही महिन्यांत पांढरे बनियन करडे दिसू लागतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात आणि घरात पावडर बदलायची चर्चा सुरू होते. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, ते लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. प्यायला चाललेलं ते ६०० चं पाणी धुण्याचं मात्र मातेरं करतं.

आपलं पाणी कसं आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एका स्वच्छ बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, अंगाला लावायच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस धरला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी हलकं. फेस धरतच नसेल, पाणी दुधाळ होऊन वर साका तरंगत असेल तर जड. हा प्रयोग कपड्याच्या पावडरीने करू नका, कारण ती जड पाण्यातही फेस देते. ती बनवलीच त्यासाठी आहे.

साबण, स्लरी आणि सोडा

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यातून तयार होणारा पदार्थ. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं लांब शेपूट तेलाकडे. मळ हा बहुतेक वेळा तेलकटपणात अडकलेली धूळ असतो. शेपटं त्या तेलात घुसतात, टोकं बाहेर पाण्यात राहतात आणि तेलाचा थेंब कापडावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. मग तो पाण्याबरोबर वाहून जातो.

साबणाची अडचण एवढीच, की त्याचं पाण्याकडचं टोक कॅल्शियमला लगेच चिकटतं. विसाव्या शतकात खनिज तेलापासून असे रेणू बनवले गेले जे कॅल्शियमला इतक्या सहज बळी पडत नाहीत. आज आपल्याकडच्या बहुतेक पावडरी आणि निळ्या-हिरव्या वड्या ज्याच्यावर उभ्या आहेत तो लिनिअर अल्किल बेन्झिन सल्फोनेट हा त्यातलाच. पावडर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत त्याचा कच्चा माल 'अ‍ॅसिड स्लरी' या नावाने पिंपांतून येतो. काळपट, दाट, झोंबणारा द्रव. त्यात सोडा मिसळला की तो पावडरीतला मळ काढणारा घटक होतो.

पण स्लरीलाही जड पाणी थोडं बाधतंच. म्हणून पावडरीत दुसरा एक गट घालावा लागतो, ज्याला या धंद्यात बिल्डर म्हणतात. घरात नको असलेल्या पाहुण्यांना ओसरीवरच गप्पांत गुंतवून ठेवणारा एक काका असतो, तसं बिल्डरचं काम: कॅल्शियमला बाहेरच अडकवायचं, म्हणजे स्लरीला मळाकडे बघायला वेळ मिळतो. सगळ्यात स्वस्त बिल्डर म्हणजे धुण्याचा सोडा. तो कॅल्शियमचा खडूसारखा चुरा करून टाकतो. पाणी हलकं होतं, पण तो चुरा थोडाथोडा कापडात बसत राहतो. झिओलाइट हा त्याहून सभ्य बिल्डर आहे. तो कॅल्शियम स्वतःच्या जाळीत ओढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. कामाला सर्वांत उत्तम म्हणजे फॉस्फेट, पण ते नदी-तलावात गेलं की शेवाळ आणि जलपर्णीला खत मिळतं. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली ती याचसाठी.

आता आपल्याकडचा इतिहास या नजरेने बघा. हिंदुस्थान लिव्हरची सर्फ १९५९ मध्ये बाजारात आली. चांगली होती, पण भाव मध्यमवर्गालाही जड जाणारा. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सायकलवरून दारोदार निरमा विकायला सुरुवात केली, सर्फच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या भावात. ती इतकी स्वस्त कशी? कारण त्यात सोड्याचा भाग मोठा होता आणि सुगंध, पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असले लाड नव्हते. मळ निघायचा, हात मात्र सोलवटायचे. आजही गावाकडे कोणत्याही कंपनीच्या पावडरीला 'निरमा' म्हणतात, यावरून त्या सौद्याला लोकांनी काय उत्तर दिलं ते कळतं. आजची स्वस्त पावडर साधारण त्याच हिशोबावर चालते: सोडा भरपूर, स्लरी बेताची आणि वजन भरायला मीठ, सोडियम सल्फेट किंवा डोलोमाइटची भुकटी.

पावडर ओल्या तळहातावर घेतली की गरम लागते आणि अनेकांना ते ताकदीचं लक्षण वाटतं. ती ऊब पाणी शोषणाऱ्या सोड्याची. त्यावरून फार तर सोडा भरपूर आहे एवढं कळतं.

फेसाचं काय करायचं

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस हे फक्त पाण्यात मोकळी शेपटं शिल्लक आहेत याचं एक ढोबळ चिन्ह आहे. हाताने धुताना त्याचा उपयोग होतो: कपडे टाकल्यावर फेस बसला तर पावडर कमी पडली असं समजावं. यापलीकडे तो बघायला छान दिसतो, बस्स. भरपूर फेसाचा खरा परिणाम विसळताना जाणवतो. दोन बादल्यांऐवजी चार बादल्या पाणी जातं, आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे परवडणारं नाही.

पुढून दार असलेल्या मशीनमध्ये तर फेस शत्रूच. त्या मशीनमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्या आपटण्याने मळ सुटतो. आत फेसाची गादी झाली की कपडे तिच्यावर अलगद पडतात आणि धुणं नुसतं घुसळून बाहेर येतं. म्हणून 'मॅटिक' छापाच्या पावडरीत फेस दाबणारं द्रव्य घातलेलं असतं. साध्या बादलीच्या पावडरीपेक्षा ती महाग का, याचं निदान अर्धं उत्तर हे आहे. वरून कपडे टाकायच्या मशीनला थोडा फेस चालतो. अर्ध-स्वयंचलित दोन टबांच्या मशीनला तर कोणतीही बरी पावडर चालते, तिथे मॅटिकसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

जर्मनीतल्या हेंकेल कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ च्या सुमारास धुण्याचा एक साधा नियम मांडला. कपडे चार गोष्टींनी स्वच्छ होतात: रसायन, उष्णता, घासणं-आपटणं आणि वेळ. एक कमी केली तर बाकीच्यांनी ती भरून काढावी लागते. हे वाचलं की आपल्या जुन्या पद्धतींचा हिशोब लागतो. परटाच्या भट्टीत उष्णता आणि खार होता. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर भिजवणं आणि दगडावरचं आपटणं. युरोपातली बाई कपडे उकळून काढायची, आपण नळाच्या थंड पाण्यात धुतो. मग उष्णतेची तूट कोण भरणार? बहुतेक घरं ती पावडर जास्त ओतून भरतात, आणि हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. एका मर्यादेनंतर जास्तीची पावडर मळ काढत नाही, ती कपड्यात राहून खाज आणते आणि नवी धूळ धरते. त्यापेक्षा वेळ द्या. अर्धा ते दोन तास भिजवणं फुकट असतं. पाणी आंघोळीला घेतो तितकं कोमट घेतलं तर आणखी बरं. रात्रभर भिजवायची मात्र सवय नको, विशेषतः उन्हाळ्यात. सुटलेला मळ परत कापडावर बसतो आणि पाण्याला वास येतो.

आमटीचा एक डाग

डिटर्जंटमध्ये आणखी काय हवं हे समजायला आमटीचा डाग उत्तम. पांढऱ्या शर्टावर सांडलेल्या आमटीत तेल असतं, डाळीची प्रथिनं असतात, पिष्ट असतं, चिंच किंवा आमसूल असतं आणि हळद. यातलं तेल स्लरी काढते. प्रथिनं आणि पिष्ट यांच्यापुढे मात्र ती कमी पडते, कारण वाळल्यावर हे पदार्थ धाग्याला डिंकासारखे धरतात. इथे लागतात एन्झाइम.

जर्मनीत ऑटो र्‍योम यांनी १९१३ मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातले एन्झाइम धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. आजचे एन्झाइम जिवाणू आणि बुरशी टाक्यांत वाढवून मिळवतात. प्रोटिएज प्रथिनं तोडतं: रक्त, दूध, अंडं, घामाचा मळ. अमायलेज पिष्ट तोडतं: भात, खीर, पेज. लायपेज तेलाचे रेणू फोडतं. कपाटातल्या सुती कपड्यांवरची लव काढून रंग उजळ दाखवणारं सेल्युलेज असतं ते वेगळंच. एन्झाइमचं वैशिष्ट्य असं की त्यातला एकच रेणू हजारो तुकडे पाडून पुन्हा कामाला मोकळा राहतो, म्हणून किलोभर पावडरीत चिमूटभर पुरतं. पण त्याला वेळ आणि साधारण ४० अंशांची ऊब हवी. पावडर टाकून पाच मिनिटांत कपडे पिळणाऱ्याने एन्झाइमवाली महाग पावडर घेणं म्हणजे पैसे मोरीत घालणं. उकळतं पाणीही नको, त्याने एन्झाइम निकामी होतं. रक्ताच्या डागावर तर सुरुवातीला थंडच पाणी, कारण गरम पाण्याने त्यातलं प्रथिन धाग्यातच शिजून बसतं.

उरली हळद. साबण लावताच ती लाल होते आणि घरातला माणूस घाबरतो की डाग पक्का झाला. तसं काही नसतं. हळदीतलं कुर्कुमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं, अल्कात लाल. हळदीला चुन्यासारखा अल्क लावून पूर्वी कुंकू बनवत ते याच गुणावर. विसळल्यावर तो रंग परत पिवळा होतो. आता त्याला पावडर बदलून काहीही होणार नाही. कपडा ओला असतानाच कडक उन्हात पसरा. कुर्कुमिन उन्हाने तुटतं, एक-दोन दुपारींत डाग फिका पडतो. या डागावर उन्हाइतकं स्वस्त औषध कोणतीच कंपनी विकत नाही.

चहा, चिंच, कोकम, डाळिंब यांच्या रंगांना ब्लीच लागतं, आणि ब्लीच दोन प्रकारचं. बाजारात पातळ मिळतं ते क्लोरीनचं. ते फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना. रंगीत कपडा, रेशीम, लोकर यांना ते खाऊन टाकतं. हे ब्लीच संडास धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. दुसरं ऑक्सिजनचं, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, पक्क्या रंगाच्या कपड्यांना सहसा चालतं, कोमट पाण्यात चांगलं चालतं. चांगल्या पावडरीत ते आधीच असतं. लिक्विडमध्ये ते टिकत नाही, म्हणून लिक्विडमध्ये सहसा नसतं.

गंजाच्या डागाला यातलं काहीही लागू पडत नाही. क्लोरीनने तर तो आणखी पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून ऊन दाखवणं हाच जुना उपाय.

पावडर, लिक्विड की वडी

घरात पांढरे सुती कपडे जास्त असतील, शाळेचे गणवेश मातीत लोळून येत असतील आणि पाणी जड असेल, तर पावडर घ्या आणि वेष्टनावर एन्झाइम आणि ऑक्सिजन ब्लीच किंवा परकार्बोनेट लिहिलंय का ते बघा. घरात ऑफिसचे रंगीत शर्ट, टेरिकॉट, खेळाचे पॉलिस्टरचे कपडे जास्त असतील तर लिक्विड. पॉलिस्टर तेल धरून ठेवतं, कॉलरवरचा तेलकटपणा आणि घामाचा वास त्यातून सहज सुटत नाही. लिक्विडमध्ये मळ काढणारा भाग सहसा जास्त असतो, ते थंड पाण्यातही चटकन विरघळतं आणि कॉलरवर थेट चोळता येतं. काळ्या कपड्यांवर पांढरे कण राहण्याची कटकटही नाही. वडी ही कॉलर-बाह्यांसाठी आणि मोरीतल्या ब्रशसाठी. तिचा तो उपयोग अजून कोणी हिरावून घेतलेला नाही.

पैठणी, रेशमी सोवळं आणि लोकरीची शाल यांच्या जवळही एन्झाइमवाली पावडर नेऊ नका. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. प्रोटिएजला डाग कुठे संपला आणि साडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. वर पावडरीचा सोडाही त्यांना सोसत नाही. साध्या रेशमाला रिठ्याचं पाणी आजही उत्तम. त्यातलं सॅपोनिन सोड्याशिवाय मळ काढतं. रोजच्या मळकट धुण्याला मात्र रिठा अपुराच पडतो, हे निसर्गप्रेमी मित्रांनी रागावू नये.

'पांढऱ्याहून पांढरं' हे प्रकरण स्वच्छतेचं नाहीच. पावडरीतली ऑप्टिकल ब्राइटनर नावाची द्रव्यं सुती धाग्यावर बसतात, उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. पिवळटपणा त्यात झाकला जातो. आपली नीळ हेच काम निळा रंग देऊन करत आली आहे. वाईट काही नाही, पण मळ जागेवरच असतो. बदामी खादी किंवा फिक्या रंगाच्या साड्यांचा मूळ रंग यानेच बिघडतो, त्यांना रंगीत कपड्यांचं ब्राइटनर नसलेलं लिक्विड वापरावं. पावडरीतले निळे-हिरवे दाणे बरेचदा नुसता रंगवलेला सोडा किंवा सल्फेट असतात. सुगंधाबद्दल तर बोलायलाच नको.

भाव बघताना किलोचा नाही, एका धुण्याचा बघा. समजा एक पावडर ८० रुपये किलो आहे आणि एका धुण्याला १२० ग्रॅम लागते, तर धुणं पडलं ९ रुपये ६० पैशांना. दुसरी २०० रुपये किलो आणि ६० ग्रॅम पुरते, तर १२ रुपये. दुकानात अडीच पट वाटलेला फरक इथे सव्वा पटीवर आला. कपडे दुसऱ्यांदा धुवावे लागले तर स्वस्त पावडर महाग पडते. भरताड किती आहे याचा अंदाज घ्यायचा तर चमचाभर पावडर ग्लासभर कोमट पाण्यात ढवळून तासभर ठेवा. तळाशी वाळूसारखा खरखरीत गाळ बसला तर ती डोलोमाइटसारखी न विरघळणारी भुकटी. अगदी बारीक, मऊ, पांढरट गढूळपणा राहिला तर तो झिओलाइटचा असू शकतो, त्याला नावं ठेवू नका. मीठ आणि सल्फेट मात्र या चाचणीत निसटतात, ती विरघळून जातात.

पाणी फारच जड असेल तर महागडी पावडर जास्त ओतण्याआधी एक करून बघा: साधा धुण्याचा सोडा चमचा-दोन चमचे बादलीत आधी विरघळवा, दहा मिनिटं थांबा, मग पावडर टाका. कॅल्शियम सोड्यातच खर्ची पडतं. सुती कपड्यांना हे चालतं, रेशमाला आणि हातांना नाही. फॅब्रिक कंडिशनर वापरायचाच तर शेवटच्या विसळणाच्या पाण्यात. डिटर्जंटवर विद्युतभार ऋण असतो आणि कंडिशनरवर धन, एकत्र टाकले तर दोघं एकमेकांना निकामी करतात. टॉवेलला तो लावूच नका, पाणी टिपायचं विसरतो.

पावसाळ्यातला कुबट वास हा वेगळा विषय, पण त्यासाठीच सगळ्यात जास्त सुगंधी पावडर विकली जाते म्हणून सांगतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की हा वास बऱ्याच अंशी मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा आहे. तो धुतलेल्या कपड्यातही टिकतो आणि कपडा हळूहळू वाळत असताना जोमाने वाढतो. सुगंधाने तो मरत नाही. असे कपडे कोमट पाण्यात परकार्बोनेट घालून तासभर भिजवावे किंवा मशीनला हीटर असेल आणि कपड्याला चालत असेल तर ६० अंशांवर धुवावे, जास्तीत जास्त पिळून पंख्याखाली पसरून वाळवावे. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पावडर मोरीच्या फळीवरच्या उघड्या पिशवीतून घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा. दमट हवेत परकार्बोनेट विघटित होतं, एन्झाइमही कमजोर पडतं. गणपती येईपर्यंत पिशवीत उरतो तो सोड्याचा गोळा.